प्रेस शॉपमध्ये लीन : पिवळे पट्टे मारून झाले, डिस्पॅच अजून उशिराच

अंबडची_प्रेसवाली

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपचं प्रॉडक्शन मी बघते. स्विचगियरचे आणि टू-व्हीलरचे छोटे शीट मेटल पार्ट बनतात. पॉवर प्रेस दहा, पुढे डिबरिंग (कापलेल्या कडेची धारदार कूस, म्हणजे बर, काढणं), टॅपिंग (भोकात आटे पाडणं), थोडं स्पॉट वेल्डिंग. झिंक प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला जातं. पस्तीसेक माणसं, त्यांतली निम्मी कंत्राटी.

गेल्या वर्षी एका कस्टमरने आग्रह धरला म्हणून लीन, म्हणजे वाया जाणारा वेळ, साठा आणि श्रम काढून टाकायचं टोयोटाचं तंत्र, सुरू केलं. सल्लागार आले, फाइव्ह एस (कामाच्या जागेची शिस्तीत आवराआवर) झालं. वर्षानुवर्षं साठलेलं भंगार निघालं, जमिनीवर पिवळे पट्टे आले, हत्यारांना शॅडो बोर्ड मिळाला, दाराशी फलक लागला. शॉप आता खरोखर बघण्यासारखं दिसतं. पोरांनी सुट्टीच्या दिवशी येऊन रंग मारलाय, त्याची मला किंमत आहे. पण डिस्पॅच होता तिथेच आहे. संध्याकाळी पाचला कस्टमरचा फोन, साडेपाचला आमची धावपळ, रात्री वेगळी गाडी करून माल पाठवायचा आणि भाड्याचा भुर्दंड आपल्याच माथी.

एक उदाहरण देते. ६३ टनी प्रेसवर चार पार्ट चालतात. कस्टमर चारही पार्ट रोज प्रत्येकी ६०० उचलतो. प्रेसवरून तासाला ६०० नग निघतात. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला सव्वा तास लागतो, म्हणून एकदा डाय चढली की आठवड्याचा माल, म्हणजे ३६०० नग, मारूनच ती उतरवायची असा आमचा रिवाज आहे. मध्येच दुसऱ्या पार्टची बोंब झाली की चालू डाय उतरवा, दुसरी चढवा, पुन्हा पहिली चढवा. प्रेसपासून डिस्पॅचपर्यंत या चार पार्टचे मिळून २४,००० च्या आसपास नग कायम बिनमध्ये पडून असतात, आणि तरीही हवा तो पार्ट हव्या त्या दिवशी नसतो!

डाय बसवणारे आमचे सेटर मामा फार अनुभवी आहेत. ते म्हणतात, सव्वा तासाच्या खाली येणार नाही, उगाच माझ्यामागे घड्याळ लावू नका. त्यात मालकांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "लीन झालं ना, मग आता किती माणसं कमी करता येतील?" त्या दिवसापासून सूचनापेटीत एक चिठ्ठी पडलेली नाही.

सुरुवात नेमकी कुठून करायची? माणसं कमी न करता हे होतं का? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी सांगावं.


टूलरूम_चिंचवड

ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच सगळं आहे, फक्त ते एका कागदावर शेजारी शेजारी मांडायला हवेत. मी टूलरूममध्येच आयुष्य काढलं, पुढे प्रेस शॉपही सांभाळलं, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

आठवड्याला चार पार्ट, प्रत्येकी ३६०० नग. तासाला ६०० च्या हिशोबाने प्रेसवरचं काम २४ तास. चार वेळा डाय बदलायची, सव्वा तासाप्रमाणे ५ तास. एकूण २९ तास. एका शिफ्टचा आठवडा ४८ तासांचा. म्हणजे मशीन कमी पडतच नाही. मग माल उशिरा का? कारण आज ज्याची गरज नाही तो पार्ट आज निघतोय आणि ज्याची गरज आहे तो रांगेत उभा आहे.

आता दुसरा हिशोब. चारही पार्ट रोज ६०० काढायचे ठरवले तर दाबायला ४ तास आणि चार सेटिंगला, म्हणजे डाय बदलायला, ५ तास, एकूण ९. शिफ्ट ८ तासांची, म्हणजे जमत नाही. तुमचा आठवड्याच्या मालाचा रिवाज इथून आला, त्यात कोणाचा आळस नाही. पण सेटिंग २० मिनिटांवर आणलं तर चार सेटिंगला मिळून १ तास २० मिनिटं. ४ तासांत मिळवा, ५ तास २० मिनिटं झाली. जेवण, चहा, देखभाल सगळं धरून त्याच शिफ्टमध्ये चारही पार्ट रोज निघतात. संध्याकाळी पाचच्या फोनला मग काही अर्थच राहत नाही.

आणि ते २४,००० नग. रोज एकूण २४०० जातात, म्हणजे आज दाबलेला नग बाहेर पडायला सरासरी दहा दिवस. त्यावर प्रत्यक्ष हात किती वेळ लागतो? प्रेसवर सहा सेकंद. डिबरिंग, टॅपिंग, पॅकिंग धरा, काही मिनिटं. बाकीचे दहा दिवस तो बिनमध्ये बसून आहे. टोयोटाची ही पद्धत घडवणारे ताइची ओहनो यांनी तिथे जे सात प्रकारचे अपव्यय मोजले (जास्तीचं उत्पादन, वाट पाहणं, वाहतूक, नको ती प्रक्रिया, साठा, नको ती हालचाल, खराब माल) त्यांत जास्तीच्या उत्पादनाला त्यांनी सगळ्यांत वाईट मानलं, कारण बाकीचे त्याच्या पोटात लपतात. डाय घासून बर यायला लागला तरी तुम्हाला कळणार कधी? टॅपिंगवाल्याने आठ दिवसांनी बिन उघडल्यावर. तोवर सगळे ३६०० नग बर असलेलेच बनलेले असतात.

म्हणून सुरुवात त्या एका ६३ टनी प्रेसच्या सेटिंगपासून करा. बाकी फलक, आलेख, सध्या राहू द्यात.

मामांना घड्याळ लावू नका, ते बरोबर बोलतात. घड्याळ लावलं की माणूस घाई करतो, आणि पॉवर प्रेसवर घाई म्हणजे बोटं जाणं. त्याऐवजी मामांना विचारून, त्यांच्या परवानगीने, एका सेटिंगचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. जुनी डाय शेवटचा नग मारते तिथपासून नव्या डायचा पहिला चांगला नग निघेपर्यंत. मग मामा, हेल्पर, टूलरूमचा एकजण आणि तुम्ही, सगळे बसून तो बघा. मामांनाच सांगू द्या की इथे मी काय करतोय.

मी खात्रीने सांगतो, त्या सव्वा तासात मामांचा हात डायला लागलेला वेळ फार थोडा असेल. उरलेला वेळ कुठे जातो? डाय रॅकमध्ये सापडत नाही. चेन पुली ब्लॉक दुसऱ्या प्रेसवर अडकलाय. टी-बोल्ट आखूड पडला. क्लॅम्पखाली द्यायला पॅकिंगच्या पट्ट्या शोधायला टूलरूमची फेरी. २४ चा पान्हा आणला, बोल्ट निघाला १९ चा. शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवायला रॅम (प्रेसचा हलणारा भाग) वर-खाली, पुन्हा वर-खाली. शेवटी पहिला नग घेऊन क्यूसीकडे, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्याकडे, जायचं, आणि क्यूसीवाला डिस्पॅचला गाड्या तपासत असतो.

सेटिंगचा वेळ कमी करायची ही पद्धत शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरने बसवली. १९५० साली हिरोशिमाला तोयो कोग्यो कंपनीत, म्हणजे आजच्या माझदात, ८०० टनी प्रेसवरची डाय बदलताना ते उभे राहून बघत होते. बसवायचा एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला, तासाभराने आला, तोही दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, आटे पाडून. तिथून त्यांनी कामाचे दोन भाग केले: मशीन थांबल्यावरच करता येईल ते काम, आणि मशीन चालू असतानाच उरकता येईल ते. पुढे १९६९ च्या सुमारास टोयोटात १००० टनी प्रेसचं सेटिंग ४ तासांवरून आधी दीड तासावर आणि मग ३ मिनिटांवर आलं. तुम्हाला ३ मिनिटं नकोत. २० पुरे.

व्हिडिओ बघून झाला की याद्या करा. पुढची डाय, तिचे बोल्ट, पान्हा, पट्ट्या, पुढची स्ट्रिप, गेज हे सगळं एका ट्रॉलीवर, चालू डाय उतरायच्या आधी प्रेसशेजारी. ट्रॉलीची उंची बोल्स्टरएवढी (डाय बसते त्या प्रेसच्या टेबलाएवढी) ठेवा, म्हणजे डाय उचलायची नाही, सरकवायची. एवढ्यावरच माझ्या अनुभवात वेळ अर्ध्याच्या जवळ येतो, आणि खर्च एका ट्रॉलीचा.

पुढचं काम टूलरूमचं, आणि मला ते सगळ्यांत आवडतं. चारही डायची बंद उंची एकसारखी करा. ज्या डाय बुटक्या आहेत त्यांच्या खाली पॅरलल प्लेट कायमच्या बोल्ट करा. उंची सारखी झाली की शट हाइट जुळवणं जवळजवळ संपलं. क्लॅम्प जिथे बसतो त्या कडेची जाडीही सारखी करा, पट्ट्यांचा शोध संपला. सगळे बोल्ट एकाच मापाचे. बोल्स्टरवर मागे आणि बाजूला दोन पक्के स्टॉपर, डाय टेकली की जागेवर. आमच्याकडे सेटर डाय हातोडीने ठोकून ठोकून सेंटर काढायचे, त्यांना हीच हातोटी वाटायची. स्टॉपर बसल्यावर तेच लोक म्हणाले, हे आधी का नाही दिलं.

एक गोष्ट मात्र कधीच वाचवायची नाही. सेटिंगच्या वेळी मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. डाय बसल्यावर दोन हातांची बटणं आणि गार्ड तपासल्याशिवाय पहिला स्ट्रोक नाही. हे यादीत लाल अक्षरात लिहा, आणि सेफ्टी ब्लॉक त्याच ट्रॉलीवर ठेवा, म्हणजे तो आणायला जायचा कंटाळा हे कारण उरणार नाही.

आता मालकांचा प्रश्न. त्यांना स्वच्छ सांगा की वाचलेला वेळ माणसं कमी करायला वापरायचा नाही. तो जास्त माल मारायलाही वापरायचा नाही, इथे बरेच जण घसरतात. तो जास्त वेळा डाय बदलायला वापरायचा. फायदा हवाच असेल तर तो २४,००० नगांत अडकलेल्या पैशांत आहे, रात्रीच्या गाडीभाड्यात आहे, रिजेक्शनमध्ये आहे. टोयोटालाही हा धडा फुकट मिळालेला नाही. १९५० साली तिथे मोठा संप झाला, माणसं कमी करावी लागली आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर कंपनीने कामगारांना नोकरीचं स्थैर्य द्यायचं धोरण धरलं. लोकांकडून सुधारणा हव्यात तर आधी त्यांच्या पोटाची हमी हवी. मालकांनी ज्या मीटिंगमध्ये तो प्रश्न विचारला, तशाच मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, त्यांनीच हे बोलायला हवं. तुमच्या तोंडून ते पुरणार नाही.


बी_शिफ्ट

वरचं पटलं. ऑपरेटर म्हणून दोन शब्द. मी चाकणला प्रेसवरच आहे.

ताई, सूचनापेटी का रिकामी आहे ते तुम्हीच लिहिलंय. आमच्याकडे एका पोराने पार्ट ठेवायचं फिक्स्चर सुचवलं, दोघांचं काम एकावर आलं. पुढच्या महिन्यात त्याच्या जोडीदाराचं कंत्राट वाढवलं नाही. त्यानंतर कोण कशाला डोकं चालवील? अगदी मनापासून काम करणारी माणसंही गप्प झाली. तुमच्याकडे निम्मी माणसं कंत्राटी आहेत, त्यांच्या घरी काय बोलणं होत असेल याचा विचार करा.

दुसरं, थांबायचा हक्क. माझं मूळ गाव इचलकरंजी, वडील मागावर होते. साध्या मागावर उभा धागा तुटला तरी माग चालत राहतो आणि कापडात लांबलचक दोष पडतो, म्हणून विणकराला डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांचा १९२४ चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे एक माणूस बरेच माग सांभाळायचा. टोयोटाचं पुढचं सगळं त्या मागाच्या धंद्यातून उभं राहिलं हे मला इथे चाकणला ट्रेनिंगमध्ये कळलं, आणि वडिलांना फोन करून सांगितलं.

प्रेसवरही तेच हवं. मला बर दिसला, तर मी प्रेस थांबवून हाक मारू शकतो का? कागदावर हो. पण शिफ्टचा आकडा माझ्या नावापुढे लिहिलेला असतो आणि थांबलेल्या वेळेचा जाब मलाच विचारतात. मग मी थांबवत नाही, बिन भरतो आणि क्यूसी बघून घेईल म्हणतो. हे चुकीचं आहे हे मला कळतं, पण आकडा तसाच ठेवून थांबायचा हक्क दिलाय म्हणणं हेही चुकीचंच आहे. तुम्ही ६३ टनीवर एक साधा दिवा लावा. ऑपरेटरने पेटवला की सुपरवायझरने यायचं, आणि पहिलं वाक्य "काय दिसलं?" एवढंच. "का थांबवलंस?" असं एकदा जरी विचारलं गेलं तर तो दिवा पुन्हा पेटणार नाही.


स्टोअर्स_खरेदी

टूलरूमवाल्या साहेबांशी बव्हंशी सहमत, पण एक धोका सांगतो. असं काही सुरू झालं की वरचे लोक लगेच म्हणतात, सगळीकडचा साठा शून्यावर आणा. तसं करू नका. आतला अर्धवट माल कमी करणं वेगळं आणि बाहेरून येणाऱ्या कॉइलचा (पत्र्याच्या गुंडाळ्यांचा) साठा तोडणं वेगळं.

१ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारियाच्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांपुरताच होता. काही दिवसांत जपानमधले त्यांचे जवळपास सगळे कारखाने थांबले. इतर पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला म्हणून आठवडाभरात गाडी रुळावर आली. २०११ च्या भूकंपानंतर तर टोयोटाने चिपसारख्या अडचणीच्या मालाचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला सांगितला, आणि २०२१ च्या टंचाईत सुरुवातीला त्यांना त्याचा उपयोग झाला. ज्यांनी ही पद्धत काढली तेच कुठे साठा ठेवायचा हे ठरवून ठेवतात.

तुमच्याकडे कॉइल सर्व्हिस सेंटरवरून येत असेल. जाडी आणि ग्रेड हवी तशी मिळायला किती दिवस लागतात, आणि सगळ्यांत वाईट वेळी किती लागले, ते जुन्या चलनांवरून काढा. तेवढा साठा ठेवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

खरी अडचण मला प्लेटिंगची दिसते. प्लेटर बॅरल (पार्ट एकत्र घालून मुलामा द्यायचं पिंप) भरल्याशिवाय लावत नाही. तुम्ही रोज ६०० पाठवलेत तर तो ते बाजूला ठेवील आणि चार दिवसांनी एकत्र काढील. मग प्रेसवर कमावलेलं तिथे गेलं. त्याच्याशी आधी बोला. चारही पार्ट एकाच जाडीच्या प्लेटिंगचे आणि एकाच पॅसिव्हेशनचे (झिंकवर शेवटी देतात त्या रासायनिक संरक्षक थराचे) असतील, तर रोजचे २४०० नग एकत्र गेले की त्याच्या बॅरल भरण्याइतका माल होतो का, हे वजनावर बघा.

खर्चाचा प्रश्न आला तर केंद्र सरकारची एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन योजना आहे, २०२३ मध्ये नव्या रूपात आली. सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार देतं. उद्यम नोंदणी असेल तर बघा. पण सल्लागार येण्याआधी तुमचा तो व्हिडिओ तयार असू द्या, नाहीतर पुन्हा जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांपासून सुरुवात होईल.


अंबडची_प्रेसवाली

सगळ्यांचे खूप आभार. २९ तासांचा हिशोब फळ्यावर लिहून ठेवला. मालक येता-जाता थांबून बघत होते, मग स्वतःच म्हणाले, "म्हणजे नवी प्रेस घ्यायची गरज नाही?" नव्या प्रेसचं कोटेशन त्यांच्या टेबलावर होतं, हे मला माहीतच नव्हतं. माणसांबद्दल सगळ्यांसमोर बोलायला ते तयार झालेत, शनिवारी शिफ्ट बदलताना बोलणार आहेत.

मामांनी व्हिडिओला होकार दिला, पण अट घातली की तो बाहेर कुठे जाणार नाही आणि बघताना मालक नसतील. मी मान्य केलं. प्लेटिंगवाल्याशी बोलले, चारही पार्ट एकाच पॅसिव्हेशनचे आहेत, एकत्र घ्यायला त्याची हरकत नाही.

एकच अडलंय. पहिल्या नगाचं ॲप्रूव्हल. क्यूसीला एकच माणूस आहे आणि दिवसातून चार वेळा त्याला प्रेसवर बोलावलं तर डिस्पॅच अडेल. मामांना मंजुरी देऊ द्यावी का? कस्टमरचं ऑडिट असतं, म्हणून भीती वाटते.


टूलरूम_चिंचवड

ताई, द्या, पण नीट बांधून द्या. डाय उतरवताना तिच्या शेवटच्या नगाची मापं क्यूसीने घ्यायची आणि तो नग तारीख घालून डायबरोबरच ट्रॉलीवर बांधून ठेवायचा. तो नग बरोबर असेल तर डाय चांगल्या स्थितीत रॅकमध्ये गेली. खराब निघाला तर डाय रॅकमध्ये जाणारच नाही, टूलरूमला जाईल. क्यूसीचं हे काम प्रेस न अडवता होतं, पुढची डाय चालू असताना.

पुन्हा चढवताना मामांनी पहिला नग त्या बांधलेल्या नगाशी ताडायचा आणि महत्त्वाची मापं गो, नो-गो गेजने (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच दाखवणाऱ्या साधनाने) बघायची. सगळी मापं नकोत, सेटिंगमुळे बदलू शकतात तेवढीच: भोकाची कडेपासूनची जागा, बेंडचा कोन, बरची उंची. भोकाचा व्यास पंचवर ठरतो, तो सेटिंगने बदलत नाही, तिथे वेळ घालवू नका. मापं लिहून मामांनी सही करायची, क्यूसीने त्याच्या फेरीत येऊन दुसरी सही. तोवर निघालेले नग पिवळ्या बिनमध्ये वेगळे. सहा सेकंदांना एक नग, म्हणजे त्याला यायला अर्धा तास लागला तरी ३०० नगच अडकतात.

हे सगळं कंट्रोल प्लॅनमध्ये (काय, कधी, कोणी तपासायचं याच्या लेखी तक्त्यात) लिहा, मामांचं ट्रेनिंग रेकॉर्ड करा आणि कस्टमरच्या क्वालिटीवाल्याला आधीच दाखवून त्याची संमती घ्या. ऑडिटला त्रास लिहिलेल्या पद्धतीचा होत नाही, न लिहिलेल्या पद्धतीचा होतो. गेज नवीन करायचे असतील तर चारही पार्टचे एकदम करू नका. ज्या पार्टचं रिजेक्शन जास्त आहे त्याचा आधी करा, मामांच्या हातात देऊन बघा, मूठ बदलायची असेल तर ते सांगतील, मग पुढचे तीन.